राठोडबाईंची बॅटरीगाडी

राठोडबाईंना एखादी गोष्ट समजली नाही, की त्या तिथल्या तिथं सांगत. "मले नाही समजलं." एवढंच. त्यात लाज नसे, तक्रार नसे, समोरच्याला उघडं पाडायचा डावही नसे. आपण बहुतेक माणसं न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावतो आणि पुढं सरकतो. बाई सरकत नसत. त्या तिथंच बसून राहत, आणि मग समोरच्यालाही बसावं लागे.

मी तेव्हा उमरखेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडं एरवी कुणी फिरकत नसे, पण त्या काळात पांढऱ्या गाड्यांची नुसती रीघ लागली होती. आज दिल्लीची समिती, उद्या मुंबईचे पत्रकार, परवा परदेशातले कॅमेरेवाले. इंग्रजी बोलणारा माणूस हवा म्हणून ते मला गाडीत घालून गावोगाव हिंडवत. असंच एकदा एका पथकाबरोबर मी पुसद रस्त्यावरच्या फाट्यापासून आत असलेल्या एका बंजारा तांड्यावर गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली, बायामाणसं ओळीनं बसवलेली. पथकातले एक गृहस्थ अर्धा तास बोलले. बियाणं, पाणी, बाजार, हमी, सगळं आलं त्यात. मी जमेल तसं मराठीत सांगत होतो. लोक माना डोलावत होते.

मागून आवाज आला, "सर, मले नाही समजलं."

खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, सावळ्या, अंगावर सुती साडी, नाकात लहानशी चमकी, हातात वेताची काठी. उजवा पाय पोलिओनं वाळलेला. त्या तांड्यावरच्या शाळेच्या मास्तरीण, शांताबाई राठोड.

"काय समजलं नाही?" मी विचारलं.

"हे साहेब आमाले काही देऊन राह्यले, का आमच्यापासून काही घेऊन राह्यले?"

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं संपल्यावर बाई म्हणाल्या, "नाही समजलं." तिसऱ्या वेळी साहेब थांबले. म्हणाले, आम्ही फक्त माहिती घ्यायला आलो आहोत.

"हां," बाई म्हणाल्या. "आता समजलं. चहा घ्या."

पुढं माझं त्या तांड्यावर जाणं-येणं वाढलं. बाईंना एसटीत ड्रायव्हरच्या मागची, गियरबॉक्सजवळची जागा लागे. तिथं उन्हाळ्यात पाय भाजत, पण बाई तिथंच बसत, कारण तिथून रस्ता दिसतो. सवलतीचा पास त्यांच्याकडं होता, तो त्या कंडक्टरनं मागायच्या आत दाखवत. पण कुणी काखेत हात घालून चढवायला आलं, की काठी आडवी करत. "मले उचलू नका. मी चढते. तुमी फक्त घाई करू नका." एक हात दांडीला, एक हात काठीला, आधी डावा पाय, मग उजवा पाय हातानं उचलून वर. सगळी गाडी थांबून राही. मागच्या बायका पुटपुटत. बाई सावकाश चढत, बसत, साडी नीट करत आणि ड्रायव्हरला म्हणत, "हं, चला आता." जसं काही गाडी त्यांच्याचसाठी उभी होती. तशी ती असायचीच.

लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी, म्हाताऱ्या आईजवळ राहत. आईला त्या तांड्याच्या बोलीत 'याडी' म्हणत, आणि हळूहळू मीही म्हणायला लागलो. वर्गात बाई मुलांनाही तीच सवय लावत. जो पोरगा न समजता हो म्हणेल त्याला उभं करत आणि 'नाही समजलं' म्हणणाऱ्याला शाबासकी देत. तपासणीला आलेले अधिकारी यावर फार गोंधळत. कोणत्याही प्रश्नाला अर्धा वर्ग मोठ्या आनंदानं "नाही समजलं" म्हणून ओरडे.

पण त्या वर्षांत बाईंचा स्वतःचाच एक प्रश्न सुटत नव्हता. त्यांचा वर्ग रिकामा होत चालला होता. वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात जात, हे नेहमीचंच. दिवाळीनंतर परत येत. आता ती येईनाशी झाली. आईबापाबरोबर ऊसतोडीला जात, वीटभट्टीला जात, दूर कुठंतरी जात. बाई हजेरी घेताना गेलेल्या पोरांचीही नावं घेत आणि क्षणभर थांबत. "कापूस इथी, शेत इथी, घर इथी," त्या मला म्हणत. "मंग पोरं काहून तिथी? मले समजून नाही राह्यलं, सर."

मी पेपरात वाचलेलं सांगू लागे. बाई ऐकून घेत. मग मान हलवत.

अशातच मार्गारेट आल्या. उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गावात एके काळी कापडाच्या गिरण्या होत्या आणि आजोबा-पणजोबा त्यांत कामाला होते. गावातल्या मंडळींचा एक गट होता, आपण घालतो तो कपडा कुठून येतो ते जाणून घेणारा. मार्गारेटबाई स्वतःच्या खर्चानं पाहायला आल्या होत्या. बाईंच्या वर्गात दोन दिवस बसल्या. जाताना म्हणाल्या, तुम्ही आमच्या गावात या आणि हे सगळं तुमच्या तोंडून सांगा. दुभाषा म्हणून सरांनाही आणा.

बाई म्हणाल्या, "येते. मलेबी त्याईले विचाराचंच हाये."

पासपोर्ट, व्हिसा, रजेची मंजुरी या सगळ्यात वर्ष गेलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेलो, तर याडी दारात बसून होती. तिनं मला जवळ बोलावलं. "तिथी इले कोन उचलील?" तिनं विचारलं. मी म्हटलं, याडी, बाई कुणाला उचलू देत नाहीत. याडी म्हणाली, "मालूम हाये. म्हनूनच विचारून राह्यली."

तिथं कुणाला उचलावं लागलं नाही. मार्गारेटबाईंनी बाईंसाठी एक बॅटरीवर चालणारी गाडी आणून ठेवली होती. चार लहान चाकं, मध्ये गोल फिरणारी खुर्ची, पुढं हँडल, हँडलला टोपली. आपल्याकडं असलं काही मी पाहिलं नव्हतं. तिथं मात्र म्हातारी माणसं असल्या गाड्यांवरून फुटपाथनं सर्रास जाताना दिसत. बाईंनी गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली. हॉर्न वाजवून पाहिला. मग चर्चच्या अंगणात शिकायला सुरुवात केली. पहिल्या झटक्यात त्या फुलझाडांच्या वाफ्यात शिरल्या, दुसऱ्यांदा मार्गारेटबाईंच्या पायावरून गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या अंगणाच्या कडेकडेनं सरळ फेऱ्या मारत होत्या. चेहरा कडक, पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला. मी त्यांना इतक्या वेगानं जाताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते नवीन असणार. त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी मांग राह्यले."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या बाजारात जायला बसच्या थांब्यावर गेलो. पहिली बस आली. ड्रायव्हरनं गाडीकडं पाहिलं आणि मान हलवली. या गाडीला परवाना लागतो, तो असल्याशिवाय घेता येत नाही, सॉरी. दुसरी बस आली. तिच्या ड्रायव्हरनं काहीच विचारलं नाही. त्यानं एक बटण दाबलं आणि बस फुस्स आवाज करत त्या बाजूनं चक्क खाली बसली. मग तो उतरला, दारातली फळी उघडून फुटपाथवर टाकली आणि बाजूला उभा राहिला.

बाई जागच्या हलेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडी बसली," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमच्यासाठी बसली."

"काल भेटले नाही, आज वळख नाही, अन् माह्यासाठी बसली?" त्या बसकडं बघत राहिल्या. मग गेल्या आत.

आत मधोमध एकच मोकळी जागा होती आणि तिथं एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उभी होती. ड्रायव्हर तिला काहीतरी म्हणाला. बाबागाडीची घडी करायला सांगत असावा. बाळ झोपलेलं होतं. त्या बाईनं एकदा बाळाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, हसली, आणि बाबागाडी ढकलत खाली उतरून गेली. दार लागलं. बस उठली आणि चालू झाली.

राठोडबाई गर्रकन माझ्याकडं वळल्या. "थे काहून उतरली?"

"तुमच्यासाठी जागा हवी म्हणून. इथला नियम आहे."

"तिले कुठी जायचं होतं?"

"मला काय माहीत, बाई."

"सर, म्या चढू म्हनलं. तिले उतरवा असं कोन म्हनलं?" त्या बराच वेळ खिडकीतून मागं बघत होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्या गाडीवाल्यानं मले नाही म्हनलं, दुसऱ्यानं तिले. नियम कोनता खरा?"

मी नियम समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. माझं मलाच पटेना. त्या दिवशी बाजारात मार्गारेटबाईंनी दाखवलेल्या एकाही गोष्टीकडं बाईंचं लक्ष नव्हतं. बाबागाडी दिसली की त्या हॉर्न वाजवत तिच्यामागं जात आणि आत डोकावून पाहत.

सभा शनिवारी संध्याकाळी होती. मी बाईंचं भाषण लिहून काढलं होतं, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. दुपारी आम्ही दोघंच आगगाडीनं शेजारच्या गावातली जुनी गिरणी बघायला गेलो. "तुमी कायले येता," बाई मार्गारेटना म्हणाल्या होत्या, "आमी जाऊन येतो." आगगाडीत ही बॅटरीगाडी चढवायची तर आधी फोन करून कळवावं लागे. मग स्टेशनवरचा माणूस फलाट आणि डबा यांच्यामध्ये एक घडीचा उतार आणून टाकत असे, आणि उतरायच्या स्टेशनवर दुसरा माणूस तसाच उतार घेऊन उभा राहत असे. मार्गारेटबाईंनी सगळं कळवून ठेवलं होतं.

गिरणीत आता यंत्रं चमकवून ठेवली होती आणि शाळेची पोरं ती बघत होती. काचेच्या पेटीत कापसाची बोंडं होती. बाईंनी काचेवर बोट टेकवून एक बोंड निरखलं. "कवडी हाये," त्या म्हणाल्या. कवडी म्हणजे किडकं, नीट न फुटलेलं बोंड. मग त्या जास्त काही बोलल्या नाहीत.

परत निघालो. नारिंगी जाकीट घातलेल्या माणसानं उतार टाकून बाईंना आत घेतलं, 'पुढं कळवतो' म्हणाला. आमचं स्टेशन आलं. दार उघडलं. फलाट रिकामा. उतार नाही, माणूस नाही. मी एक मिनिट वाट पाहिली आणि कुणाला तरी बोलवावं म्हणून खाली उतरलो. तोच टीं टीं वाजलं. मी वळेपर्यंत दार बंद झालं होतं. मी काचेवर हात मारला. आत बाई आपल्या गाडीवर बसल्या होत्या. घाबरलेल्या दिसल्या नाहीत. न विचारता वर्गाबाहेर गेलेल्या पोराकडं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आगगाडी निघून गेली.

त्यांच्याजवळ फोन नव्हता. इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं. फलाटाच्या टोकाला खोलीत एक माणूस सापडला. तो फार सज्जन होता. सॉरी म्हणाला, फोन केला, पुढच्या स्टेशनवर उतरवून घेतील म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा येऊन सॉरी म्हणाला, कारण पुढच्या स्टेशनवरही कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या स्टेशनवर तर उतारच नव्हता. मी त्याला विचारलं, मग ही गाडी जाते कुठं? तो म्हणाला, समुद्रापर्यंत.

मार्गारेटबाई धावत आल्या. त्याही सॉरी म्हणाल्या. सभेची वेळ झाली. लोक हॉलमध्ये येऊन चहा पिऊ लागले. मी स्टेशनवरच थांबलो. तिकडं उन्हाळ्यात दिवस मावळायची घाईच करत नाही. त्या लांबत चाललेल्या उजेडात मी फलाटावर येरझारा घालत होतो आणि डोळ्यांपुढं सारखी दारात बसलेली याडी येत होती. तिला काय सांगू?

शेवटी एक आगगाडी आली, दार उघडलं आणि खुद्द गार्डनं खाली उतरून उतार टाकला. त्यावरून बाई सावकाश उतरल्या. मांडीवर बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा कागद होता आणि साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

"बाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "कुठं होतात? साडी कशानं भिजली?"

"पान्यानं," त्या म्हणाल्या. "हे घ्या. खा. थंडे झाले."

हॉलकडं जाताना मी विचारत गेलो आणि त्या तुकड्या-तुकड्यानं सांगत गेल्या. शेवटच्या स्टेशनवर लोकांनी सॉरी म्हणत त्यांना उतरवून घेतलं. परतीची गाडी दाखवली, थांबायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. रस्ता उताराचा होता, त्या उतरत गेल्या, तर पुढं समुद्र. त्यांनी समुद्र आधी कधी पाहिला नव्हता. तिथं तसल्याच गाडीवर बसलेला एक म्हातारा होता. त्यानं फोडी दिल्या.

"त्याच्याशी बोललात?"

"लय बोललो आमी. थो त्याच्या बोलीत, मी माह्या बोलीत."

"काय बोलला तो?"

"मले नाही समजलं."

"आणि तुम्ही काय बोललात?"

बाईंनी जरा विचार केला. "थे बी आता ध्यानात नाही. पोरांचं सांगतलं वाटते. थो रडला. काहून रडला कोन जाने. मंग त्यानं चपला काढल्या, काठी टेकत पान्यात गेला. म्हनून मी बी गेली." थोडं पुढं गेल्यावर त्या आपल्याशीच म्हणाल्या, "पानी येते अन् वापस जाते. मले वाटे आता राहील. नाहीच राहत."

अजून काही विचारायला वेळ नव्हता. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं वाट पाहत बसली होती. बाई ओल्या साडीनंच गाडीवरून पुढं गेल्या. मी लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टोपलीत ठेवून दिला आणि खुर्ची गोल फिरवून लोकांकडं तोंड केलं. मी शेजारी उभा राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागलो. ते भाषण मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"आज मले गाडीत चढवाले मानूस होता," बाई म्हणाल्या. "उतरवाले नव्हता. गाडी पुढंच गेली. मंग सगळे सॉरी म्हनले. चांगले लोक हायेत तुमी. आमच्या गावातबी असंच झालं. आमाले कापसात चढवाले लय लोक आले. बियानंवाला आला, फवाऱ्याचं औषधवाला आला, असं करा म्हने, तसं करा म्हने. आमी चढलो. आता उतराचं हाये, तं फलाटावर कोनीच नाही. जो येते थो सॉरी म्हनते. माह्या वर्गातली पोरं त्याच गाडीत हायेत. थे गाडी कुठी जाऊन राह्यली, मले मालूम नाही. मले खरंच समजून नाही राह्यलं. तुमच्या गावात लय जुन्या गिरन्या हायेत, तुमाले जास्त मालूम असंल. म्हनून मी विचाराले आली. कोनाले विचारू?"

लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

तिसऱ्या रांगेतले एक टकले गृहस्थ उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी फार कळकळीनं सांगितलं की रेल्वेकडं तक्रार कशी करायची, कोणत्या कचेरीत करायची, आणि ते स्वतः उद्याच करणार आहेत. त्यांच्यामागून एक बाई उठल्या. त्यांच्या आईलाही एकदा असंच पुढं नेलं होतं. मग आणखी एक उठले. बघता बघता सगळा हॉल स्टेशनवरच्या त्या उताराबद्दल तावातावानं बोलू लागला. मार्गारेटबाई मध्ये पडून कापूस, कापूस म्हणत होत्या, पण त्यांचं कुणी ऐकेना. कुणीतरी बाईंचा गाडीवर बसलेला फोटो काढला. तो दोन दिवसांनी तिथल्या पेपरात आला. मथळ्यात स्टेशनचं नाव होतं. यवतमाळचं नव्हतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. बाईंनी मात्र पोटभर जेवण केलं आणि मग मला विचारलं, "सर, तुमी बरोबर सांगतलं होतं काय?"

"शब्दन् शब्द सांगितला, बाई."

"मंग त्याईले असं काहून समजलं?"

बाईंनी ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "चला. अर्धं तं समजलं त्याईले. आपल्याले तेवढंबी नाही समजत."

निघताना त्या मंडळींनी ती बॅटरीगाडी बाईंना भेट दिली. तिचे सुटे भाग होत, म्हणून विमानात आणता आली. काही महिन्यांनी मार्गारेटबाईंचा फोन आला. त्यांच्या स्टेशनवर आता दिवसभर एक माणूस उतार घेऊन उभा असतो. मी तांड्यावर जाऊन हे सांगितलं. वर्गात त्या वर्षी आणखी पोरं कमी झाली होती. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं." आणि मग, "कोनासाठी उभा हाये थो?"

गाडीचं इकडं काय झालं, तेही सांगायला हवं. बाईंनी ठरवलं, गाडी घेऊन एसटीनं उमरखेडला यायचं. फाट्यावर मी हजर होतो. बस आली, थांबली. बसली मात्र नाही. कंडक्टर दारात उभा राहून बघत राहिला.

"हे काय होय, बाई?"

"माही गाडी."

"गाडीत गाडी कशी घेऊ? टपावर टाका."

"टपावर गाडी, मंग मी कुठी?"

"तुमी आत बसा ना."

"अन् उमरखेडले उतरल्यावर?"

कंडक्टर विचारात पडला. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली आला. प्रवासीही उतरले. सगळे गाडीभोवती जमले. कुणी म्हणे, ही अपंगाची वस्तू, फुकट जाईल. कुणी म्हणे, बॅटरी आहे म्हणजे वाहन झालं. कंडक्टरचं म्हणणं, तिकीट द्यायचं तर कशाचं देऊ? सायकल नाही, पेटी नाही, पोतं नाही. एका म्हातारीनं हात लावून विचारलं, "शिवते काय हे?" कंडक्टरला एकदम सुचलं. त्यानं शिलाई मशीनचं लगेज-तिकीट फाडलं. चार माणसांनी गाडी उचलून आत घेतली, गियरबॉक्सशेजारी ठेवली. बाई नेहमीप्रमाणे स्वतः चढल्या. त्यांना चढायला नेहमीचाच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी माणसं उन्हात उभी राहिली. कुणी पुटपुटलं नाही.

पण आमच्या काळ्या मातीला ती गाडी मानवली नाही. पाऊस झाला की चिखल त्या लहान चाकांत गच्च बसे. पोरं दोरी बांधून ओढत. त्यातून लोडशेडिंग. दिवसभर वीज नाही, गाडी चार्ज कुठं करायची? दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी पार बसली आणि तशी बॅटरी यवतमाळातच काय, नागपुरातही मिळाली नाही. बाईंना वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी गाडी वर्गात फळ्यासमोर नेऊन ठेवली. तिची खुर्ची अजून गोल फिरत होती. बाई तिच्यावर बसून शिकवत. एकदा फळ्याकडं, एकदा पोरांकडं. उठबस वाचली.

माझी बदली पुढं कळंबला झाली. तांड्यावर जाणं कमी झालं. याडी वारली तेव्हा गेलो होतो. मग बरीच वर्षं नाही.

शेवटचं गेलो तेव्हा बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शनिवार होता, शाळा सुटण्याच्या बेतात. शाळेला नवा रंग दिलेला, आणि व्हरांड्याला एक सिमेंटचा उतार बांधलेला. चाकाची खुर्ची वर जावी म्हणून सरकारनं सगळ्या शाळांना असे उतार बांधून दिले होते. हा इतका खडा होता, की चाकाची खुर्ची काय, धडधाकट माणूसही घसरला असता. शिवाय तो खाली जिथं संपत होता, तिथंच हातपंपाचा ओटा होता. बाई वर व्हरांड्यात काठी टेकून उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. पोरं एकामागं एक त्या उतारावर बसून खाली घसरत होती, ओट्याला पाय लावून थांबत होती आणि पायऱ्यांनी पुन्हा वर पळत होती.

"हा कुणी बांधला, बाई?" मी खालूनच विचारलं.

"ठेकेदारानं. म्हने तुमच्यासाठी हाये, बाई." त्या हसल्या. "मी म्हनलं, यानं जाऊ कशी? थो म्हने, नकाशात असाच हाये."

"मग तक्रार केली नाहीत?"

"केली. पाहाले आले. सॉरी म्हनले."

आम्ही चहा घेतला. वर्गात किती पोरं आहेत, मी विचारलं. "हायेत," त्या म्हणाल्या, आणि उतारावरच्या पोरांकडं बोट दाखवलं. अंधार व्हायच्या आत कळंब गाठायचं होतं, म्हणून मी निघालो. मोटरसायकल चालू करून फाटकाशी वळलो, तेव्हा मागं आरडाओरडा ऐकू आला. मी वळून पाहिलं.

बाई उताराच्या माथ्यावर खाली बसल्या होत्या. काठी त्यांनी एका पोरीच्या हातात दिली होती. दोन्ही हातांनी त्या आपला उजवा पाय उचलून सरळ करत होत्या, साडी घोट्याभोवती गुंडाळत होत्या. कुणी त्यांना धरलेलं नव्हतं. पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून टाळ्या पिटत होती. मला वाटलं, ओरडून थांबवावं. ओटा होता खाली, वय झालेलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. दोन्ही हात सोडले, आणि सुटल्या.